एच-इंडेक्स सात की एकोणीस: तुलना नेमकी कुणाशी करायची?

पत्र:

"मी सिंधुदुर्गातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चौदा वर्षांत माझे २२ पेपर आले, बहुतेक लेप्टोस्पायरोसिस आणि माकडतापावर. बढतीच्या अर्जात एच-इंडेक्स लिहायचा आहे. पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ मोजणाऱ्या सूचींपैकी स्कोपस ५ दाखवतं, गूगल स्कॉलर ९. माझ्याच बॅचचा सहकारी कॅन्सरच्या रेणूंवर काम करतो, त्याचा १९ आहे. विभागाच्या बैठकीत एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर 'तुमच्या कामाला इम्पॅक्ट नाही' असं सुनावलं. लग्नाआधीचे आठ पेपर माहेरच्या नावावर आहेत. दोन्ही नावांच्या स्कोपसमधल्या याद्या सोबत जोडल्या आहेत. हल्लीच एका एजंटचा फोन आला होता, अठरा हजारांत दोन महिन्यांत 'स्कोपस पेपर' करून देतो म्हणाला. अर्जात काय लिहू, आणि आकडा वाढवायला काय करू?"

– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा एच-इंडेक्स ५ नाही, ७ आहे. तुम्ही पाठवलेल्या याद्यांवरूनच तो निघतो, म्हणून आधी तो हिशेब करू.

सासरच्या नावावरच्या चौदा पेपरांची सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचे घेतलेले संदर्भ, उतरत्या क्रमाने अशी आहेत: २७, १८, ११, ७, ५, ४, ३, २, २, १, १ आणि पुढे तीन शून्यं. यादीत जिथवर सायटेशनचा आकडा क्रमांकाएवढा किंवा त्याहून मोठा राहतो, तिथला शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. पाचव्या क्रमांकावर ५ आहे, सहाव्यावर ४, म्हणून एच-इंडेक्स ५. माहेरच्या नावावरचे आठ पेपर: ४१, १४, ९, ६, ३, २, १, ०. इथे तो ४ येतो. स्कोपस तुम्हाला दोन वेगळ्या व्यक्ती समजतंय. आता बावीसही पेपर एकत्र लावा: ४१, २७, १८, १४, ११, ९, ७, ६, ५ आणि पुढचे. सातव्या क्रमांकावर ७, आठव्यावर ६. एच-इंडेक्स ७. एकूण सायटेशन ८१ वरून १५७ झाली. सगळ्यांत जास्त संदर्भ मिळालेला, ४१ चा पेपर, आजवर तुमच्या खात्यावर धरलाच जात नव्हता.

ही अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्यात आडनावही बदलतं. वैद्यकीय पेपरांची सूची असलेलं पबमेड यादीत नाव दाखवतं ते आडनाव आणि दोन आद्याक्षरं अशा रूपात. समजा कुणी लग्नाआधी 'कदम एस. व्ही.' आणि नंतर 'राणे एस. पी.' म्हणून लिहीत असेल, तर संगणकाला दोन्हींत जुळणारं एकच अक्षर मिळतं. काही जर्नलं आडनाव आणि पहिलं नाव उलटसुलट छापतात, त्यातून तिसरी व्यक्ती तयार होते. बदली झाली, कॉलेज बदललं, की चौथी.

दुरुस्ती अशी करा. पहिलं ऑर्किड. हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक फुकट मिळतो. तिथे 'इतर नावं' अशी जागा असते. आजवर छापून आलेली नावाची सगळी रूपं त्यात भरा. ईमेल मात्र कॉलेजचा एकटा देऊ नका, स्वतःचा खासगीही द्या. बदली झाल्यावर जुना पत्ता बंद पडतो आणि मग खातं उघडायला फार त्रास होतो. पेपर एकेक टाइप करत बसू नका. 'सर्च अँड लिंक' मधून स्कोपस, क्रॉसरेफ आणि युरोप पीएमसी या सूची जोडल्या की बहुतेक नोंदी डीओआयसकट (पेपरच्या कायमच्या क्रमांकासकट) येतात. राहिलेल्या तेवढ्या हाताने घाला.

मग स्कोपस. लेखक शोधायला वर्गणी लागत नाही. दोन्ही नावांनी शोधा, नाव आणि आडनाव अदलाबदल करूनही शोधा, तुमची जितकी प्रोफाइलं दिसतील तेवढ्यांवर खूण करा आणि ती एकत्र करण्याची विनंती पाठवा. पाठवण्याआधी प्रत्येक पेपर उघडून बघा, कारण आपल्याकडे एकसारखी नावं पुष्कळ आणि दुसऱ्या कुणाचा पेपर आपल्या यादीत घुसलेला असतो. तो काढण्याची विनंतीही त्याच फॉर्ममध्ये करता येते. दुरुस्ती व्हायला आठवडे लागू शकतात, तेव्हा मुलाखतीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

गूगल स्कॉलरचा ९ कुठून आला, तेही सांगतो. स्कॉलर प्रबंध, परिषदांचे सारांश, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये येण्याआधी टाकलेले पेपर), कॉलेजची स्वतःची वार्षिकं, जे इंटरनेटवर विद्वत्तापूर्ण दिसेल ते सगळं मोजतं. स्कोपस निवडक जर्नलंच मोजतं. त्यामुळे स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो. तो खोटा नव्हे. कोकणातल्या एखाद्या एमडी प्रबंधात तुमचा पेपर वापरला गेला असेल तर ते कळण्याची जागा तीच. पण स्कॉलर नव्या नोंदी आपोआप चिकटवतं. सेटिंगमध्ये जाऊन 'आधी मला विचारा' हा पर्याय निवडा, एकाच पेपरच्या दुहेरी नोंदी एकत्र करा, दुसऱ्यांचे पेपर काढा. त्यानंतर आकडा एखाद्याने खाली आला तरी तो तसाच राहू द्या. मुलाखतीत समितीतल्या कुणी यादी उघडली आणि त्यात तुमचा नसलेला दंतवैद्यकाचा पेपर निघाला, तर बाकीच्या २२ वरही शंका येते.

आणखी एक बारीक काम. ज्यांनी तुमचा पेपर संदर्भात घेतला, त्यांनी पान क्रमांक किंवा वर्ष चुकवलं असेल तर सायटेशन तुमच्याशी जोडलं जात नाही. स्कॉलरवर दिसणारे पण स्कोपसवर न दिसणारे संदर्भ काढा, ते जर्नल स्कोपसमध्ये आहे का बघा, आणि असेल तर स्कोपसच्या मदत केंद्राला दोन्ही डीओआय देऊन कळवा. दोन-चार सायटेशन अशी परत मिळतात. तुमच्या यादीत आठव्या क्रमांकावर ६ आणि नवव्यावर ५ आहे, त्यामुळे तुम्हाला त्यांचं मोल आहे: सातव्या पेपरला एक आणि आठव्याला दोन मिळाली की एच-इंडेक्स ८ होतो.

आता सहकाऱ्याच्या १९ कडे. ही तुलनाच चुकीची आहे, आणि हे म्हणायला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. एच-इंडेक्स सुचवला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी, २००५ मध्ये. त्याच पेपरमध्ये त्यांनी भौतिकशास्त्रातल्या वरच्या आकड्यांत एडवर्ड विटन यांचा ११० दिला आणि जीवशास्त्र-वैद्यकात सॉलोमन स्नायडर यांचा १९१. दोन्ही आपापल्या क्षेत्रातले अव्वल. आकडे क्षेत्रागणिक बदलतात हे मोजमाप काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. पुढे लोकांनी आकडा तेवढा उचलला. वीस वर्षांत एच २० म्हणजे यशस्वी शास्त्रज्ञ, हे वाक्यही भौतिकशास्त्रासाठी होतं. ते सूक्ष्मजीवशास्त्राला किंवा शरीररचनाशास्त्राला लावता येत नाही.

जैववैद्यकाच्या आतही हीच तफावत आहे. हापूसच्या कलमाला किती फळं धरली आणि काजूला किती बिया लागल्या, हे नग मोजून कुठली बाग चांगली ते ठरत नाही, तसंच इथे. कॅन्सरच्या रेणूंवर जगभर हजारो गट काम करतात, एकेका पेपरच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात, आणि पेपर आल्यावर वर्षभरात त्याला सायटेशन यायला लागतात. न्यायवैद्यक, शरीररचना, परजीवीशास्त्र, प्रादेशिक साथींचा अभ्यास इथे गट कमी, संदर्भयाद्या आखूड आणि सायटेशन सावकाश येतात, पण दहा वर्षांनीही येत राहतात. माकडतापाचंच बघा. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात हा आजार सापडला आणि तो पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच राहिला. आपल्याकडे २०१६ मध्ये बांदा-दोडामार्ग भागात साथ आली तेव्हा अनेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. विषाणू हाताळायला वरच्या दर्जाची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते, ती देशात मोजक्या ठिकाणी. सायट करणारेच इतके थोडे असताना सायटेशन शेकड्यांनी कुठून येणार?

कोणत्या प्रकारचा पेपर आहे यावरही खूप अवलंबून असतं. आढावा लेखाला मूळ संशोधनापेक्षा जास्त संदर्भ मिळतात, केस रिपोर्टला सगळ्यांत कमी. पद्धत सांगणारा पेपर सगळ्यांच्या पुढे जातो: प्रथिनं मोजण्याची रीत सांगणारा लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला, कारण प्रथिनं सगळ्यांनाच मोजावी लागतात. आणि शेकडो लेखकांच्या जागतिक प्रकल्पात नाव असलं तर एका पेपरवर हजारो सायटेशन मिळतात. त्यात त्या व्यक्तीचं काम किती, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

इम्पॅक्ट कशाला म्हणायचं, याचं उत्तर कोकणातच आहे. डॉ. हिम्मतराव बावसकरांनी महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशावर काम केलं. विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनच्या जातीची रसायनं उसळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला, २०११ मध्ये विंचवाच्या प्रतिविषासह प्रॅझोसिन विरुद्ध नुसतं प्रॅझोसिन अशी रँडमाइज्ड चाचणी 'बीएमजे'मध्ये. विंचूदंशावर लिहिणारे जगात थोडेच: भारत, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया, ब्राझील, मेक्सिको. त्या क्षेत्राचं सायटेशन कॅन्सरच्या बाजूला ठेवलं तर किरकोळ दिसेल. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री आलेल्या विंचवाच्या पेशंटला काय द्यायचं, ते या कामाने बदललं. 'इम्पॅक्ट नाही' म्हणणाऱ्यांना याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

पण समितीसमोर नुसतं 'माझं क्षेत्र लहान आहे' म्हणून भागत नाही, आकडा हवाच. त्यासाठी क्षेत्रानुसार समतोल केलेली मोजमापं आहेत, आणि त्यांतलं एक तुम्ही आज संध्याकाळी स्वतः काढू शकता. अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था एनआयएच, तिचं 'आयसाइट' हे साधन मोफत आहे. पबमेडवर दोन्ही नावं 'किंवा'ने (इंग्रजीत OR) जोडून शोधा, स्वतःचे पेपर निवडा, 'सेव्ह' करताना पीएमआयडी (पेपरचा पबमेडमधला क्रमांक) हा प्रकार घ्या, आणि ती क्रमांकांची यादी आयसाइटमध्ये चिकटवा. प्रत्येक पेपरसमोर आरसीआर म्हणजे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर येतं. तुमच्या पेपरच्या सोबतीने ज्या पेपरांचे संदर्भ दिले जातात, त्यांच्यावरून ते तुमचं क्षेत्र ठरवतं आणि तिथल्या अपेक्षित दराशी तुमचा वार्षिक सायटेशन दर ताडून बघतं. एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांचा मध्यक म्हणजे १.०. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: भरपूर निधी मिळालेल्या अमेरिकी प्रयोगशाळांच्या पेपरांपैकीही निम्मे १.० च्या खालीच असतात. ओरोसला किंवा रत्नागिरीला बसून केलेल्या कामाला ०.८ मिळालं तर ते खाली मान घालण्यासारखं नाही, आणि १.३ मिळालं तर अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

आयसाइटची मर्यादाही आहे. पबमेडवर नसलेला पेपर तिथे येणार नाही, आणि अगदी ताज्या पेपरांचे आकडे तात्पुरते असतात. तिथल्या 'ट्रान्सलेशन' भागात मात्र एक रकाना जरूर बघा: क्लिनिकल चाचण्यांनी किंवा मार्गदर्शक तत्त्वांनी तुमचा पेपर उद्धृत केला आहे का. लेप्टोसारख्या विषयात असं एखादं सायटेशन असेल, तर त्याचं वजन इतर वीस सायटेशनएवढं धरणारे परीक्षक असतात.

दुसरं मोजमाप स्कोपसचं, क्षेत्रभारित सायटेशन इम्पॅक्ट. त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीशी तुलना. १ म्हणजे जागतिक सरासरी. समजा तुमच्या १८ सायटेशनच्या पेपरसारख्यांची सरासरी ९ असेल, तर तुमचं गुणोत्तर २. सहकाऱ्याच्या ६० सायटेशनच्या पेपरसारख्यांची सरासरी ५० असेल, तर त्याचं १.२. आकडा त्याचा मोठा, पण आपल्या क्षेत्रात पुढे तुम्ही. यासाठी स्कोपसची वर्गणी लागते. कॉलेजकडे नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा. सावध राहायची जागा एकच: २२ पेपरांची सरासरी एखाद्या मोठ्या पेपरने फुगते. म्हणून सरासरीपेक्षा 'आपल्या क्षेत्रातल्या वरच्या २५ टक्क्यांत किती पेपर' हे सांगणं जास्त भरवशाचं.

ज्या 'जगातल्या वरच्या २ टक्के शास्त्रज्ञां'च्या यादीवरून महाविद्यालयांबाहेर फ्लेक्स लागतात, ती स्टॅनफर्डच्या आयोनिडिस यांच्या गटाची यादीही २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं वेगवेगळी धरते. त्यात पहिला लेखक म्हणून आणि शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन वेगळी मोजतात, आणि स्वतःची सायटेशन वगळून काढलेला आकडाही देतात. वरिष्ठ त्या यादीचा दाखला देत असतील तर हे त्यांना सांगा.

अर्जात लिहिताना कुठलाही आकडा एकटा सोडू नका. तो कुठून, कोणत्या तारखेला घेतला ते जोडा. आशय असा ठेवता येईल: "प्रकाशनं २२, त्यांपैकी मूळ संशोधन इतकी, केस रिपोर्ट इतके, पहिली किंवा पत्रव्यवहार लेखक म्हणून इतकी. स्कोपसप्रमाणे, अमुक तारखेला, दोन्ही नावांवरची एकत्रित सायटेशन १५७, एच-इंडेक्स ७. स्वतःची सायटेशन वगळून इतकी. आयसाइटप्रमाणे इतक्या पेपरांचा आरसीआर १ पेक्षा जास्त." त्याखाली तीन पेपर निवडा आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं: काय सापडलं, आणि ते कुणी वापरलं. जिल्हा आरोग्य विभागाने पावसाळ्यापूर्वीच्या सूचनांत वापरलं असेल, अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या एखाद्या मेटा-अॅनालिसिसने तुमची आकडेवारी घेतली असेल, तर ते लिहा आणि कागद जोडा. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेची वर्षंही लिहा. एच-इंडेक्स वर्षांनुसार चढत जातो, काम थांबलं तरी उतरत नाही; म्हणून चौदा वर्षांपैकी प्रत्यक्ष संशोधनाची किती, हे समितीला कळलं पाहिजे.

बढतीच्या नियमात काय मागितलंय आणि बैठकीत कुणाला काय वाटतंय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे अध्यापक पात्रतेचे नियम बदलत असतात. अर्जाच्या दिवशी लागू असलेलं राजपत्र स्वतः उघडा आणि दोन गोष्टी पाहा: कोणत्या सूचींतली जर्नलं चालतात, आणि लेखकांच्या क्रमात कितवं स्थान धरतात. प्रत्येक पेपरसमोर सूचीचं नाव लिहून त्या पानाची छापील प्रत लावा. पबमेडवर दिसतं म्हणजे मेडलाइन या त्यातल्या निवडक सूचीत आहे असं नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकलं की 'सध्या मेडलाइनमध्ये सूचीबद्ध' आहे की नाही ते स्पष्ट दिसतं. बढतीच्या फायली नेमक्या इथे परत येतात.

आता एजंट. त्याला नकार द्या आणि नंबर ब्लॉक करा. अठरा हजारांत मिळतं ते तीनांपैकी एक असतं. पहिलं, खऱ्या जर्नलची नक्कल केलेली वेबसाइट: नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) खरे, पण साइट भलत्याची, आणि पेपर कधीच स्कोपसमध्ये येत नाही. दुसरं, स्कोपसमध्ये होतं पण वगळलं गेलेलं जर्नल. स्कोपसच्या 'सोर्सेस' पानावर नाव शोधा, ते फुकट बघता येतं. समावेशाची वर्षं वाचा, आणि साइटवर जायचं तर तिथून. तिसरं, आणि सगळ्यांत वाईट, कुणीतरी तयार करून ठेवलेल्या पेपरमध्ये लेखकाची जागा विकत घेणं. हे उघडकीला आलं की पेपर मागे घेतला जातो, आणि मागे घेतल्याची नोंद डीओआयला कायमची चिकटते.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या नावानेही फसवणूक चालते. खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच असतो. यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने हे अहवाल १९७५ पासून काढले. हिशेब सोपा आहे. जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून ११५ लेख छापले आणि २०२४ मध्ये त्या दोन वर्षांच्या लेखांना २३० सायटेशन मिळाली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०. ही जर्नलची सरासरी झाली, तुमच्या पेपरची नव्हे. मूठभर पेपर ती वर नेतात आणि बहुतेक तिच्या खालीच असतात. म्हणूनच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून आलेल्या 'डोरा' जाहीरनाम्याने माणसाच्या कामाचं मोल जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नका असं सांगितलं. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' अशी विशेषणं लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर दिसला की त्या जर्नलला पेपर पाठवू नका. फी परवडत नसेल तर डीओएजे या सूचीत फी न घेणारी जर्नलं गाळून बघता येतात.

आकडा वाढवायचा खरा रस्ता पुढच्या पेपरात आहे, आणि तुमच्या विषयात तो बऱ्यापैकी ठाऊक आहे. प्रादेशिक साथींच्या पेपरांना पुष्कळशी सायटेशन मिळतात ती सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-अॅनालिसिसमधून. ते करणारे लोक शेकडो पेपर चाळतात आणि ज्यातून आकडे उचलता येतात तेवढेच ठेवतात. लेप्टोचा पेपर लिहिताना इतकं असलंच पाहिजे: किती संशयित रुग्ण तपासले, म्हणजे छेद, किती पॉझिटिव्ह, म्हणजे अंश, नुसती टक्केवारी नको. ताप आल्यापासून कितव्या दिवशी रक्त घेतलं, कारण पहिल्या चार-पाच दिवसांत आयजीएम (आजाराच्या सुरुवातीचं प्रतिपिंड) बऱ्याचदा निगेटिव्ह येतं आणि त्याच वेळी पीसीआर उपयोगी पडतं. एलायझा कोणत्या किटने केली. मॅट ही प्रतिपिंडं मोजणारी चाचणी केली असेल तर पॉझिटिव्ह कितीला धरली, १:१०० ला की १:४०० ला, आणि दुसरा नमुना घेऊन चौपट वाढ पाहिली की नाही. कोणते सेरोव्हार (जंतूचे पोटप्रकार) पॅनेलमध्ये होते. वय, लिंग, व्यवसाय (भातलावणी, गुरं, गटारसफाई) आणि महिना यांनुसार तक्ता. यातला छेद आणि टायटर (१:१०० सारखा मॅटचा आकडा) हे दोन राहिले, तर चांगलं कामसुद्धा रिव्ह्यूतून बाद होतं. लेखकाला ते कधी कळतही नाही.

सारांशात जागेचं नाव पूर्ण लिहा: गाव किंवा तालुका, सिंधुदुर्ग, कोकण, महाराष्ट्र, भारत. शोधणारा ब्राझीलमधला असेल तर त्याला 'पश्चिम भारताचा किनारा' या शब्दांत तुम्ही सापडणार नाही. कोकणचं इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा. कीवर्ड पबमेडच्या मेश शब्दसूचीतून घ्या. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर, चाचणीला कन्सॉर्ट या तपासणी याद्या पाठवण्याआधी भरा. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या चाचणी नोंदवहीत, नोंदणी करा, नंतर केलेली बहुतेक चांगली जर्नलं मानत नाहीत. संदर्भयादी झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या साधनात ठेवा. मागे घेतलेला पेपर त्यात असेल तर ते लगेच दाखवतं.

केस रिपोर्ट सुटे सुटे पाठवू नका. तीन वर्षांत माकडतापाचे किंवा मेलिऑइडोसिसचे सात-आठ रुग्ण पाहिले असतील तर एकच मालिका करा. आठ सुट्यांना मिळून जेवढी सायटेशन मिळणार नाहीत तेवढी तिला मिळण्याची शक्यता आहे. उलट, एकाच अभ्यासाचे तुकडे करून चार पेपर काढू नका. परीक्षकांच्या ते लक्षात येतं आणि मेटा-अॅनालिसिसवाले तेच रुग्ण दोनदा मोजले जातील म्हणून चारही बाजूला ठेवतात. सहकाऱ्यांनी एकमेकांना ठरवून सायट करण्याच्या व्यवस्थेत शिरू नका. स्वतःचं जुनं काम मात्र गरजेच्या जागी सायट करायला लाजू नका. ताज्या पेपरची पद्धत जुन्यावर उभी असेल तर ते सांगणं तुमचं कामच आहे.

वाचायला पेपर मिळत नाहीत ही कोकणातल्या कॉलेजांची जुनी तक्रार. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नलं केंद्र आणि राज्य सरकारच्या सुमारे ६,३०० संस्थांना खुली आहेत. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ही योजना चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट संस्थेकडे नोंदणी झाली आहे का ते ग्रंथपालांना विचारा, आणि नसेल तर प्राचार्यांना लेखी द्या.

स्कोपसच्या विनंतीचं उत्तर मुलाखतीपूर्वी आलं नाही, तर काळजी करू नका. दोन्ही प्रोफाइलांची तारखेसह छापील पानं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद, ऑर्किडचं पान, आणि बावीस पेपर उतरत्या क्रमाने लावलेला एक तक्ता एवढं फायलीत सगळ्यांत वर ठेवा. तक्त्यात सातव्या ओळीखाली पेनाने रेघ मारा.